क्रीडांगणाला शिक्षक हवा
नगरातील क्रीडा व विरंगुळा केंद्रांचा निधी आणि मनुष्यबळ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दरूप)



महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहरात सायंकाळी फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. महानगरपालिकेने बांधलेले एखादे समाजमंदिर किंवा क्रीडा सभागृह उभे असते. दर्शनी भिंतीवर संगमरवरी कोनशिला असते. तिच्यावर उद्घाटनाची तारीख आणि मान्यवरांची नावे ठळक अक्षरांत कोरलेली असतात. मात्र दाराला कुलूप असते. चौकशी केल्यावर समजते की किल्ली रखवालदाराकडे आहे, आणि रखवालदाराकडे आणखी दोन इमारती आहेत. आत टेबल टेनिसचे टेबल आणि कॅरमचे बोर्ड धूळ खात पडलेले असतात. बाहेर मात्र त्याच वस्तीतील मुले उभ्या केलेल्या दोन रिक्षांच्या मधल्या जागेत क्रिकेट खेळत असतात, आणि ज्येष्ठ मंडळी बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली असतात.

इमारत आहे, साहित्य आहे, खेळणारेही आहेत. नाही तो दार उघडणारा, शिकवणारा आणि सांभाळणारा माणूस. नगरातील विरंगुळ्याच्या सोयींचा विचार करताना प्रथम जागेचा आणि बांधकामाचा विचार होतो, माणसाचा विचार शेवटी होतो, आणि पुष्कळदा होतच नाही. असे का घडते आणि त्यावर समाजातील विश्वस्त संस्थांना काय करता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विरंगुळा हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. मुलांचे खेळ, तरुणांची व्यायामशाळा, महिलांचे योगवर्ग, ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र, वाचनकक्ष, सुटीतील छंदवर्ग या सर्वांचा त्यात समावेश होतो. ही चैन आहे असे मानण्याची सवय जुनी आहे. परंतु ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, त्या घरातील मुलासाठी सायंकाळचे दोन तास मोकळ्या जागेत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली जाणे ही चैन नव्हे, ती गरज आहे. पत्नीच्या निधनानंतर एकाकी झालेल्या वृद्धासाठी सकाळचा एक तास समवयस्कांत जाणे हीदेखील गरजच आहे.

कायदा याविषयी काय म्हणतो, ते प्रथम पाहणे उचित ठरेल. मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. राज्यातील इतर महानगरपालिकांचा कारभार १९४९ च्या अधिनियमानुसार चालतो. या अधिनियमात महापालिकेच्या कर्तव्यांच्या दोन याद्या आहेत. पाणीपुरवठा, सांडपाणी, स्वच्छता, दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. उद्याने, क्रीडांगणे आणि करमणुकीची मैदाने यांची तरतूद ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत येते. पुढे १९९२ मध्ये राज्यघटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती संमत झाली आणि १९९३ पासून ती अमलात आली. तिच्यामुळे घटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा नागरी सुविधा म्हणून स्पष्ट उल्लेख झाला. हे मोठेच पाऊल होते. परंतु उल्लेख झाला म्हणून तिजोरीत पैसा आला, असे झाले नाही. ज्या वर्षी तूट येते त्या वर्षी कात्री प्रथम ऐच्छिक बाबींनाच लागते.

महापालिकेच्या तिजोरीची कथा व्यापारी वर्गाला वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही. जकात नाक्यावर मालाचे गठ्ठे अडकून पडण्याचा काळ अनेकांनी अनुभवलेला आहे. २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून मुक्त करण्यात आले. मुंबईत जकात तशीच सुरू होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हे दोन्ही कर संपले. त्याऐवजी राज्य शासन महापालिकांना नुकसानभरपाई देऊ लागले. व्यापार सुलभ झाला, हे निःसंशय. परंतु महापालिकेचे स्वतःच्या हातातील एक मोठे उत्पन्न गेले आणि तिची मदार अनुदान, मालमत्ता कर व बांधकाम परवानगीच्या शुल्कावर राहिली. अशा स्थितीत नवीन कायम पद निर्माण करणे म्हणजे तीस वर्षांचे वेतन आणि त्यानंतरचे निवृत्तीचे दायित्व स्वीकारणे होय. त्यास प्रशासन सहसा धजावत नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर हा भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद आहे. सभागृह बांधणे हा भांडवली खर्च असून तो एकदाच होतो. क्रीडाशिक्षकाचे वेतन हा महसुली खर्च असून तो दर महिन्याला येतो. गंमत अशी की भांडवली खर्चासाठी निधीचे अनेक मार्ग खुले आहेत. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेचे उदाहरण घ्यावे. ही योजना टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता निर्माण करण्यासाठी आहे, आवर्ती खर्च तिच्यात बसत नाही. म्हणजे त्या निधीतून व्यायामशाळा उभी राहू शकते, परंतु तिच्यात शिकवणाऱ्याचे मानधन देता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि खेळांच्या प्रशिक्षणाचा त्या यादीत समावेशही आहे. परंतु तेथेही प्रकल्पाची मुदत ठरलेली असते. मुदत संपते, कंपनीचे लक्ष दुसऱ्या कार्याकडे वळते, आणि शिक्षक घरी जातो.

खाजगी देणगीदाराची वृत्तीही याहून फारशी भिन्न नसते. खोलीला नाव देता येते, प्रवेशद्वाराला देता येते, पंख्यावरही नाव रंगविता येते. वेतनाला नाव कसे द्यावयाचे? म्हणून वेतनासाठी देणगी मागणाऱ्या कार्यकर्त्याला अनेक घरांतून केवळ चहा मिळतो.

हा अनुभव केवळ भारतातील नाही. अमेरिकेत सार्वजनिक क्रीडांगणांच्या चळवळीचा आरंभ बोस्टन शहरात १८८५ मध्ये झाल्याचे मानले जाते. तेथील एका सेवाभावी संस्थेने दाट वस्तीतील एका प्रार्थनागृहाच्या आवारात मुलांना खेळण्यासाठी वाळूचा ढीग टाकला. साधन एवढेच होते. प्रारंभी शेजारच्या स्त्रिया स्वेच्छेने देखरेख करीत. परंतु केंद्रांची संख्या वाढली तशी केवळ स्वयंसेवेवर भिस्त ठेवणे अशक्य झाले, आणि दोनच वर्षांत, १८८७ मध्ये, संस्थेने मोबदला देऊन स्त्रिया नेमल्या. वाळू स्वस्त होती, खर्च माणसाचा होता, आणि तो करण्याची तयारी दाखविल्यामुळेच तो उपक्रम टिकला. पुढे नगरपालिकेनेही त्यास साहाय्य दिले.

त्याच देशातील फिलाडेल्फिया शहराचे अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. या शहराने जानेवारी २०१७ पासून गोड पेयांवर प्रति औंस दीड सेंट कर बसविला. त्याचे उत्पन्न बालशिक्षणासाठी, तसेच उद्याने, ग्रंथालये व करमणूक केंद्रे यांच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवले. न्यायालयीन आव्हान झाले, पण २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरविला. विशिष्ट कार्यासाठी विशिष्ट उत्पन्न बांधून देण्याचा हा उत्तम नमुना होय. परंतु २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच शहरातील सार्वजनिक जलतरण तलावांपैकी अनेक तलाव उघडता आले नाहीत. जीवरक्षकांची पुरेशी भरती झाली नाही, हे त्याचे कारण होते. तलाव होता, पाणी होते, उन्हाने त्रासलेली मुले होती, परंतु जीवरक्षकावाचून तलाव उघडणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ ठरला असता. संपन्न राष्ट्रातील मोठ्या शहराची ही अवस्था झाली, यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे.

महाराष्ट्राची परंपरा पाहिली तर ती माणसांवरच उभी राहिलेली दिसते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये स्थापन झाले. या संस्थांच्या आरंभी भव्य वास्तू नव्हत्या. ध्येयाने भारलेले शिक्षक होते. दादरच्या शिवाजी पार्कवर २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. अनेक दशके मल्लखांब शिकविणारे श्री. उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. लाकडाचा एक खांब आणि एक दोर एवढ्या साधनांचा हा खेळ जगापर्यंत पोहोचला, तो खांबामुळे नव्हे, शिकविणाऱ्यांमुळे.

तथापि निव्वळ स्वयंसेवेवर सर्व भार टाकण्याचा काळ आता मागे पडला आहे, हे मान्य करावयास हवे. पूर्वी पाच वाजता शाळा सुटली की शिक्षक पायी मैदानावर येत. आज नोकरीचे ठिकाण आणि घर यांत दीड तासाचे अंतर असते आणि पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या तरुणाने सेवाभाव बाळगावा अशी अपेक्षा करताना, त्याच्या घराचे भाडे कोण भरणार, हेही विचारले पाहिजे. सेवाभाव आणि वाजवी मानधन यांत विरोध नाही.

मुंबईतील मोकळ्या जागांचा अनुभवही येथे विचारात घ्यावा लागतो. महापालिकेकडे देखभालीसाठी पुरेसा पैसा व माणसे नाहीत, म्हणून अनेक मैदाने व उद्याने खाजगी संस्थांकडे काळजीवाहू तत्त्वावर सोपविण्यात आली. काही संस्थांनी ती निष्ठेने सांभाळली. काही ठिकाणी मात्र क्लब उभे राहिले, सभासदत्वाचे शुल्क वाढले आणि वस्तीतील सामान्य मुलगा फाटकाबाहेर राहिला. जानेवारी २०१६ मध्ये या विषयावरील नवे धोरण महापालिकेने संमत केले, तेव्हा नागरिकांनी तीव्र विरोध केला. मुख्यमंत्र्यांनी त्यास स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. यातून एक मर्यादा लक्षात येते. संस्थेने जागा ताब्यात घेतली की खर्च भागविण्यासाठी जागेतून उत्पन्न काढण्याचा मोह होतो. म्हणून जागा महापालिकेचीच राहावी, फाटक सर्वांना खुले असावे, आणि संस्थेने माणूस पुरवावा, हा मार्ग अधिक निर्दोष आहे.

असा माणूस पुरविण्याचे साधन समाजाकडे पूर्वापार आहे. मुंबईची पांजरापोळ १८३४ मध्ये स्थापन झाली. पांजरापोळींचा खरा खर्च इमारतीचा नसून रोजच्या चाऱ्याचा असतो. त्या काळच्या महाजनांनी हे ओळखले होते, म्हणून व्यापारातील मालावर स्वेच्छेने लाग बसवून त्यांनी पांजरापोळींच्या नित्य खर्चाची सोय लावली. भोजनशाळा आणि आयंबिल खाते यांतील कायम तिथीची पद्धतही प्रत्येक घरी परिचित आहे. देणगीदार एक रक्कम देतो, ती ध्रुव फंडात जमा होते, मूळ रक्कमेस हात लागत नाही, आणि वर्षातील त्या तिथीचा खर्च व्याजातून भागतो. फलकावर त्या दिवशी त्या कुटुंबाचे नाव लागते. आवर्ती खर्चाला नाव कसे द्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर समाजाने फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. ते केवळ भोजनशाळेपुरते राहिले, इतकेच.

याच पद्धतीने एका विरंगुळा केंद्राचा हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत, शहरानुसार त्यांत बदल होईल. एक पूर्णवेळ संयोजक दरमहा २५,००० रुपये, दोन अर्धवेळ क्रीडाशिक्षक, त्यांपैकी एक महिला, प्रत्येकी १०,००० रुपये, आणि एक मदतनीस १५,००० रुपये. ही बेरीज दरमहा ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२०,००० रुपये होते. साहित्य, वीज, प्रथमोपचार व विमा यांसाठी आणखी १,८०,००० रुपये धरल्यास वार्षिक खर्च ९,००,००० रुपये होतो. वर्षाच्या ३६५ तिथी असून एका तिथीसाठी ४२,००० रुपये घेतले, तर १,५३,३०,००० रुपयांचा ध्रुव फंड होतो. सात टक्के दराने त्याचे व्याज १०,७३,१०० रुपये येते. धर्मादाय संस्थेने उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के आपल्या उद्दिष्टावर खर्च करावेत, असे प्राप्तिकराचे बंधन आहे. त्यानुसार पंधरा टक्के, म्हणजे सुमारे १,६१,००० रुपये, महागाईसाठी बाजूला ठेवले, तरी ९,१२,००० रुपये खर्चास उरतात. केंद्र चालते.

या हिशेबातील कच्चा दुवाही नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. वेतन दरवर्षी वाढविले पाहिजे, व्याजदर मात्र कमीही होऊ शकतो. तेव्हा पंधरा टक्क्यांची राखीव रक्कम पुरेलच असे नाही. ज्यांना परवडते त्यांच्याकडून नाममात्र वर्गणी घ्यावी, महापालिकेकडे वीज व पाणी विनामूल्य देण्याचा आग्रह धरावा, आणि दर पाच वर्षांनी फंडात नव्या देणगीची भर घालावी. ज्या मुलाला वर्गणी देणे शक्य नाही, त्याचे नाव कोणत्याही फलकावर लागू नये.

ट्रस्टच्या पैशातून असे कार्य करता येईल का, अशी शंका काही विश्वस्तांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. त्यात धर्मादाय उद्देशांमध्ये गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांच्याबरोबरच समाजकल्याण व लोकहितासाठी करमणुकीच्या अथवा फावल्या वेळाच्या सोयी पुरविणे याचाही समावेश आहे. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले पथ्य असे की देवद्रव्यास किंवा विशिष्ट हेतूने आलेल्या अन्य निधीस हात लावू नये. या कार्यासाठी स्वतंत्र फंड उभारावा, स्वतंत्र खाते ठेवावे आणि ट्रस्टच्या घटनेतील उद्देशांत त्यास आधार आहे याची खात्री करून घ्यावी. दुसरे पथ्य असे की केंद्र सर्वांना खुले असावे. एकाच धार्मिक समाजापुरत्या कार्यास देणगीवरील प्राप्तिकर सवलत मिळण्यात अडचण येते, हे व्यावहारिक कारण आहेच. त्याहून मोठे कारण असे की रस्त्यावर खेळणारी मुले एकत्र खेळतात, त्यांना फाटकापाशी वेगळे करणे शोभणारे नाही.

माणसे नेमताना घ्यावयाची दक्षताही तितकीच महत्त्वाची आहे. नेमणूक ठेकेदारामार्फत न करता संस्थेने स्वतः करावी. अकरा महिन्यांनी शिक्षक बदलला तर मुलांचे आणि त्याचे नाते जुळत नाही. वेतन ठरलेल्या तारखेस बँकेत जमा व्हावे. शारीरिक शिक्षणाचे पदवीधर, निवृत्त क्रीडाशिक्षक आणि माजी खेळाडू यांना प्राधान्य द्यावे. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्यावी. बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ चा कायदा आहे, त्याची माहिती सर्व कर्मचाऱ्यांना द्यावी. मुलींच्या वेळेत महिला शिक्षिका उपस्थित असलीच पाहिजे, अन्यथा मुलींची संख्या घटण्याची शक्यता असते. स्वयंसेवकांनाही स्थान असावे. निवृत्त गृहस्थांनी बुद्धिबळ शिकवावे, गृहिणींनी वाचनकक्ष सांभाळावा, महाविद्यालयीन तरुणांनी लहानांचे खेळ घ्यावेत. परंतु दार वेळेवर उघडण्याची जबाबदारी वेतन घेणाऱ्या माणसाचीच असावी. स्वयंसेवक आजारी पडला तर एक वर्ग चुकेल, केंद्र बंद राहणार नाही.

महापालिकेशी लेखी करार करावा. त्यात मुदत, वेळा, विनामूल्य प्रवेश, दुरुस्तीची जबाबदारी आणि जागेवर संस्थेचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही, हे स्पष्ट नमूद असावे. जमाखर्च आणि रोजची उपस्थिती केंद्राच्या फलकावर लावावी. ज्या पेढीचे खाते उघडे असते, तिच्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, हा व्यापारातील नियम येथेही लागू आहे.

बंधू-भगिनींनो, सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या आयुष्यातील हिशेब मांडण्याचा काळ असतो. अशा वर्षी काहीतरी चिरस्थायी करावे, अशी सर्वांची इच्छा असते आणि चिरस्थायी म्हटले की डोळ्यांपुढे वास्तू उभी राहते. शहरात आधीच उभ्या असलेल्या आणि कुलूप लागलेल्या वास्तूंची एकदा मोजदाद करावी. त्यांतील एकाच वास्तूसाठी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि एकाच केंद्राच्या ३६५ तिथींचा फलक लिहावयास घ्यावा. नातवाचा जन्मदिवस, आईवडिलांची पुण्यतिथी, विवाहाचा वाढदिवस, अशा निमित्ताने प्रत्येक घरातून एक तिथी आली तर फलक भरण्यास वेळ लागणार नाही. त्या त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता कोणी तरी कुलूप उघडील, दिवे लावील, शिट्टी वाजवील आणि मुले रस्त्यावरून आत येतील. त्या घराच्या दानाचे फळ त्याच सायंकाळी डोळ्यांनी पाहता येईल.

जय जिनेंद्र.